सुवर्णपुच्छ दाजिबा आणि जपानमधला मुक्काम

एका जंगलात एक मुंगूस राहत होता, पण फारसा राहत नव्हता.

मुलांनो, गोंधळू नका. त्याचं काम फिरतीचं होतं. कुठल्या जंगलात कोणत्या बिळात कोणता साप आहे, याची पाहणी करायची आणि सिंहाच्या कचेरीत कळवायचं, ही त्याची नोकरी. त्याचं नाव दाजिबा. आज या डोंगरात, उद्या त्या डोंगरात. घरी आला की त्याची बायको मालन त्याला पाणी द्यायची आणि विचारायची, "राहणार आहात की निघणार आहात?"

बाहेरगावी दाजिबा नेहमी एकाच ठिकाणी उतरत असे. त्या हॉटेलांच्या साखळीचं नाव होतं राजबीळ. सगळीकडे राजबीळ सारखंच. सारखी उशी, सारखा पडदा, सारखा वास. सकाळी उठल्यावर आपण कुठल्या जंगलात आहोत, हे कळायला त्याला खिडकीतून बाहेर पाहावं लागे. आणि तो पाहत नसे.

राजबिळाची एक सभासद योजना होती. जितके मुक्काम जास्त, तितका मान मोठा. आधी ताम्रपुच्छ, मग रौप्यपुच्छ, मग सुवर्णपुच्छ. दाजिबा सुवर्णपुच्छ झाला, तेव्हा राजबिळाने त्याच्या शेपटीला जरीचा गोंडा बांधला. त्या दिवसापासून दाजिबा बाजारातून जाताना शेपूट सरळ वर धरून चालू लागला. पाऊस आला तर डोकं भिजू देई, पण शेपटीवर पान धरी.

सुवर्णपुच्छाच्या वर रत्नपुच्छ होतं. रत्नपुच्छाला नेमकं काय मिळतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ते सगळ्यांनाच हवं होतं.

आता मालनबद्दल सांगतो.

फार वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं होतं. हे जंगल समुद्राजवळच आहे. त्या वादळात भरकटत एक पक्षीण येऊन मालनच्या दारात पडली. पांढरी, लाल चोचीची, लाल पायांची. कुरव म्हणतात त्या जातीला. मुंगसाच्या दारात पक्षीण पडली म्हणजे पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी आपलं पोट भरलेलं होतं, असं मालन सांगत असे. खरं म्हणजे नव्हतं.

पक्षिणीचं नाव सायो. ती थेट जपानहून आली होती. पंख बरा होईपर्यंत ती मालनकडेच राहिली. दोघींचं गूळपीठ जमलं. मालनने तिला आपली भाषा शिकवली. सायो सगळं शिकली, पण प्रत्येक वाक्याला "बरं का" जोडायची सवय तिला लागली ती लागलीच.

पुढे सायो मायदेशी गेली. थंडीत ती क्योटो नावाच्या शहरात नदीवर राहायची आणि ऊब आली की दूर उत्तरेला जायची. दरवर्षी किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या पाखरांबरोबर तिचा निरोप यायचा. "ये ना एकदा, बरं का." मालन म्हणायची, "येते की." मग पिल्लं झाली, पिल्लांची लग्नं झाली, सासूबाईंचं आजारपण झालं.

यंदाचा निरोप वेगळा होता. "मालन, उत्तरेचा प्रवास आता पंखांना झेपत नाही. एकदा गेले की पुन्हा क्योटोला येईनच असं नाही. थंडी सरायच्या आत ये, बरं का."

मालनने निरोप ऐकला. हात पुसले. दाजिबाला म्हणाली, "अहो, आपण जपानला जायचंय."

"जपानला?" दाजिबा ताडकन उठला. त्याचे डोळे चमकले. "जपानात राजबीळ आहे!"

"असेल. पण सायोने राहायची जागा सांगितली आहे. नदीकाठी फुमिबाई म्हणून आहेत. खाली त्या राहतात, वर खोल्या देतात. खिडकी उघडली की समोर नदी आणि नदीवर सायो."

"या फुमिबाई कोणत्या साखळीतल्या?"

"कोणत्याच नाहीत. एकट्याच आहेत बिचाऱ्या."

दाजिबाने दयेने मान हलवली. "अगं, मग तिथे आपल्याला कोण ओळखणार?"

"सायो ओळखेल की."

"तसं ओळखणं नव्हे गं."

मालनला दुसऱ्या प्रकारचं ओळखणं माहीत नव्हतं. 

संध्याकाळी दाजिबा आपल्या मित्राकडे गेला. मित्राचं नाव बापू उदमांजर. बापू दुसऱ्याच साखळीचा निष्ठावंत होता. तिचं नाव शाही ढोली. दोघांचं या विषयावर नेहमी वाजत असे, पण अशा गोष्टी समजणारं माणूस जंगलात दुसरं नव्हतं.

"जपानात सिटी हॉटेलच घे," बापू म्हणाला. "तिथे दोन प्रकार असतात. साधं बिझनेस हॉटेल घेतलंस तर शेपूट वळवायला खोलीबाहेर यावं लागतं. सिटी हॉटेल म्हणजे कसं, ऐसपैस. खाली मोठा दिवाणखाना, वर सभासदांची बैठक, नाश्त्याला दहा प्रकार."

"आमचं राजबीळ सिटी हॉटेलच आहे."

"कोणत्या सिटीत?"

"ओसाका."

"आणि वहिनींना जायचंय कुठे?"

"क्योटोला."

"मग ओसाकाला का?"

"अरे, क्योटोत राजबीळ नाही."

"अस्सं," बापू म्हणाला. "मग बरोबर आहे."

निष्ठावंत असे असतात, मुलांनो. साखळी वेगळी असली तरी एकमेकांचं दुःख त्यांना कळतं.

दाजिबाने आणखी एक हिशेब मांडला होता. जपानचे सगळे मुक्काम राजबिळात केले, अगदी शेवटच्या रात्रीपर्यंत, तर तो रत्नपुच्छ होणार होता. हे त्याने मालनला सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज थोडा कापत होता. मालनला त्याची कीव आली. इतकी वर्षं हा जीव कुठे कुठे एकटा झोपला असेल, असं तिच्या मनात आलं.

"नदी किती लांब पडेल?" तिने विचारलं.

"गाडीने अर्धा तास. अगं, अर्धा तास म्हणजे काही नाही. रोज जाऊ. सकाळी जाऊ, संध्याकाळी येऊ."

"बरं," मालन म्हणाली.

दोघं विमानात बसली आणि ओसाकाला उतरली. राजबीळ स्टेशनच्या शेजारीच होतं. उंच, काचेचं, झगमगीत. आत एक कोल्हीण उभी होती. अंगावर निळा कोट, गळ्यात छोटा रुमाल. तिने दाजिबाचा गोंडा पाहिला आणि ती कमरेत इतकी वाकली की मालनला वाटलं, हिचं काही पडलं असावं.

"दाजिबासाहेब, आपल्या निष्ठेबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत," कोल्हीण म्हणाली.

दाजिबाने मालनकडे पाहिलं. ऐकलंस ना, असं त्याला म्हणायचं होतं. मालनने ऐकलं होतं. निष्ठेबद्दल कोणी कोणाचे आभार मानतं, ही गोष्ट तिला नवी होती.

"आपली साधी खोली तयार आहे," कोल्हीण म्हणाली. "परंतु आपण सुवर्णपुच्छ आहात. आपल्याला वरच्या दर्जाची खोली देण्याची आमची इच्छा आहे. ती अजून रिकामी झालेली नाही."

"साधीच घेऊ या," मालन म्हणाली. "सामान टाकू आणि नदीवर जाऊन येऊ. ऊन आहे अजून."

"साधी?" दाजिबाने विचारलं. तिने त्याला झाडाखाली झोपायला सांगितलं असावं, असा त्याचा चेहरा झाला.

दोघं दिवाणखान्यात बसून राहिली. कोल्हिणीने फुकट सरबत दिलं. पुन्हा फुकट सरबत दिलं. ऊन काचेवरून सरकत सरकत गेलं. दिवे लागले, तेव्हा खोली मिळाली. खूप वरच्या मजल्यावर. दाजिबाने दार उघडलं, आत फिरला, पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मग त्याला फरक सापडला.

"खुर्ची!" तो म्हणाला. "साध्या खोलीत एकच असते. आपल्याला दोन आहेत!"

मालन दुसऱ्या खुर्चीवर बसली. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसत होते. ते क्योटोकडेच जात होते, पण हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता होता. नाश्ता रोजच असतो, पण हा सभासदांचा नाश्ता होता. फुकट. दाजिबाने आधी सगळ्या टेबलांभोवती एक फेरी मारली, मग ताट घेतलं. अंडी घेतली. दुसरी अंडी घेतली. मासे घेतले. ज्याचं नाव कळलं नाही तेही घेतलं.

"अहो, चला ना," मालन म्हणाली.

"वाजलेत किती? अजून बंद व्हायला वेळ आहे."

बंद होईपर्यंत तो खात राहिला. मग त्याला पालथं पडून राहावं लागलं. मग कोल्हीण एक मोठी टोपली घेऊन आली. सुवर्णपुच्छांना आपली उशी निवडता येत होती. टणक, मऊ, भुशाची, पिसांची. पिसांची उशी पाहून मालनने तोंड फिरवलं. दाजिबाने सगळ्यांवर डोकं ठेवून पाहिलं. तेवढ्यात संध्याकाळ झाली, आणि संध्याकाळी सभासदांची बैठक उघडते. तिथे फुकट पेय असतं आणि बशीतून काहीबाही मिळतं.

"उद्या नक्की," दाजिबा म्हणाला.

आणि तो खोटं बोलत नव्हता, बरं का मुलांनो. दुसऱ्या दिवशी दोघं खरोखर गेली. नाश्ता उरकून, थोडं पडून, दुपार कलल्यावर. क्योटोला उतरून नदीवर पोहोचेपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या.

नदी छान होती. रुंद, उथळ, मधे गवताची बेटं. आणि पाण्यावर कुरवा होत्या. एक नाही, दोन नाही, पांढऱ्याशुभ्र शेकडो. मालन काठावर धावत गेली.

"सायो!" तिने हाक मारली. "सायो गं!"

पण क्योटोच्या कुरवांची एक रीत असते. दिवसभर त्या नदीवर राहतात. संध्याकाळ झाली की उठतात, गोल गोल फिरत उंच चढतात आणि डोंगराच्या पलीकडे मोठ्या तळ्यावर झोपायला जातात. सकाळी परत येतात. मालन पोहोचली, तेव्हा त्या उठत होत्या. आधी थोड्या, मग सगळ्या. कुणी तरी चक्की फिरवावी तशा फिरत फिरत वर गेल्या. त्यांचा कलकलाट इतका होता की मालनला स्वतःचीच हाक ऐकू येईना. ती पाहत राहिली. पांढरा भोवरा लहान होत गेला, डोंगरावर टेकला आणि पलीकडे उतरला.

"त्यातली सायो कुठली?" दाजिबाने विचारलं.

"माहीत नाही," मालन म्हणाली. "थोडं आधी आलो असतो तर कळलं असतं."

दाजिबाला वाईट वाटलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने घड्याळ पाहिलं. "आत्ता निघालो तर बैठक बंद व्हायच्या आत पोहोचू," तो हळूच म्हणाला.

बैठकीत एक म्हातारी कासवीण बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मालन तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुम्ही क्योटो पाहिलंत का?" मालनने विचारलं.

"नाही बाई," कासवीण म्हणाली. "दरवर्षी येते. पण सकाळी नाश्ता असतो आणि संध्याकाळी इथे यावं लागतं. मधल्या वेळात माझ्या चालीने कुठे जाऊन होतंय?"

"एकट्याच येता?"

"आधी यजमान असायचे. रत्नपुच्छ होते ते." कासविणीने बशीतला एक दाणा उचलला. "ते गेल्यावर मी विचारलं, त्यांचं रत्न माझ्या नावावर होईल का? तर म्हणाले, निष्ठा ज्याची त्याची असते. मग मी पुन्हा तांब्यापासून सुरुवात केली."

"आणि यजमानांबरोबर काय काय पाहिलंत?"

कासविणीने बराच विचार केला. कासवं करतात त्याहून जास्त.

"बैठकी पाहिल्या," ती म्हणाली. "पुष्कळ शहरांतल्या."

मालन उठली आणि खाली कोल्हिणीकडे गेली. "उद्या हवा कशी आहे हो?" तिने विचारलं.

"उद्या निवांत आहे," कोल्हीण वाकून म्हणाली. "परवापासून दक्षिणेचा वारा सुटणार. छान ऊब येईल. सहलीला उत्तम."

मालन समुद्राजवळच्या जंगलातली होती. दक्षिणेचा वारा सुटला की उत्तरेला जाणारी पाखरं एक दिवसही थांबत नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पहाट झाली तेव्हा ती पायांत चपला घालून उभी होती.

"अहो, मी निघते."

"निघते?" दाजिबा उठून बसला. "आणि नाश्ता?"

"माझाही तुम्ही खा."

"अगं थांब, मी येतो. जरा लवकर खातो आणि येतो."

"या," मालन म्हणाली. "मी पुढे होते."

ती रागावली असती तर दाजिबाला काही तरी उत्तर देता आलं असतं. पण ती रागावली नव्हती. ती घाईत होती.

मालनने आयुष्यात एकटीने गाडी पकडली नव्हती. इथे तर पाटी वाचता येत नव्हती. तिने एका बगळ्याला दोन्ही हात पंखांसारखे हलवून दाखवले, मग पाण्यासारखे हलवून दाखवले. बगळ्याने तिला गाडीत बसवलं, क्योटोला उतरवलं आणि नदीच्या दिशेने चोच केली. ती पोहोचली, तेव्हा डोंगरावरून पांढरे ठिपके नुकतेच खाली येत होते.

या वेळी तिने हाक मारली नाही. ती काठावर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आले मी, बरं का!"

शेकडो कुरवांतून एकच वळली.

सायो खाली आली ती जवळजवळ कोसळलीच. मालनने तिला दोन्ही हातांनी सावरलं, वादळाच्या दिवशी सावरलं होतं तसंच.  मग दोघी एकदमच बोलू लागल्या.

"तुझं डोकं काळं कसं झालं गं?" मालनने विचारलं.

"उत्तरेला निघायचे दिवस आले की होतं तसं. तुझं पांढरं कसं झालं?"

"माझं घरीच बसून झालं."

सायो इतकी हसली की तिला खोकला आला. "किती उशीर केलास! कालपर्यंत वाट पाहिली. परवा निघतील सगळे असं वाटत होतं, पण वारा आज रात्रीच वळतोय. उद्या सकाळीच निघणार, बरं का."

"मी इथे तीन दिवस आहे गं. ओसाकाला होते."

"ओसाकाला? तिथे काय आहे?"

मालनने विचार केला. "दोन खुर्च्या आहेत," ती म्हणाली.

फुमिबाईंचं घर समोरच होतं. फुमिबाई म्हणजे तानुकी. मुलांनो, तानुकी हा जपानचा प्राणी. अंगाने गुबगुबीत, डोळ्यांभोवती काळे पट्टे, त्यामुळे नेहमी झोप न झाल्यासारखा दिसतो. फुमिबाईंनी मालनला काही विचारलं नाही. चपला काढून घेतल्या, पायांखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली आणि खिडकी उघडून दिली. सायो खिडकीच्या कठड्यावर येऊन बसली. मग दिवसभर गप्पा. पिल्लांच्या, सासूबाईंच्या, उत्तरेकडच्या थंडीच्या, मेलेल्या ओळखीच्यांच्या. मधे फुमिबाई पेज आणून ठेवायच्या. मालनने तोंडात घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपलीच पेज!"

त्या संध्याकाळी कुरवा उठल्या, फिरल्या, डोंगरापलीकडे गेल्या. सायो गेली नाही. ती छपराच्या कौलावर बसून राहिली.

मालनने फुमिबाईंच्या फोनवरून राजबिळाला फोन लावला.

"अहो, मी आज इथेच राहते."

"इथेच म्हणजे? त्या बिनसाखळीच्या ठिकाणी?" दाजिबाचा आवाज घाबरला होता. "मी निघणारच होतो गं. नाश्त्यानंतर जरा पडलो, तर दुपारच झाली."

"असू दे. सायो उद्या सकाळी जातेय."

"मीही येतो आता." मग तो थांबला. "पण मालन, आज शेवटची रात्र आहे. आज इथे झोपलो नाही तर रत्न जातं."

"मग झोपा," मालन म्हणाली. अगदी मायेने म्हणाली.

दाजिबाने फोन ठेवला. बैठकीत गेला. आज त्याने नीट पाहिलं. प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर कोणी तरी बसलं होतं आणि दुसरीवर त्याची पिशवी.

सकाळी तो नाश्त्याला उतरला. दाराशी उभ्या असलेल्या बदकाने त्याला दोघांच्या टेबलापाशी नेलं. दोन ताटं मांडली. दोन रुमाल घड्या घालून ठेवले. दाजिबा अंड्यांकडे पाहत राहिला.

मग, मुलांनो, तो उठला. काही न खाता उठला. राजबिळाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. बदक मागे धावत आलं. "साहेब, फुकट आहे!" ते ओरडलं. त्याला वाटलं, साहेबांना माहीत नसावं.

दाजिबा गाडीत बसला. उतरल्यावर धावत सुटला. धावताना शेपूट वर धरायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. गोंडा रस्त्यावरून फरफटत गेला.

नदीवर गरम वारा सुटला होता. काठाच्या दगडावर सायो बसली होती आणि शेजारी मालन.

"हे आमचे," मालन म्हणाली.

सायोने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शेपटीला सोनं बांधलेले ते हेच होय? छान आहे, बरं का. जड होत नाही?"

"सवय झाली," दाजिबा धापा टाकत म्हणाला.

वर थवा जमला होता. सायोने पंख पसरले. मालनने तिच्या त्या जुन्या पंखावरून एकदा हात फिरवला. "येशील ना पुढच्या थंडीत?"

"पाहू," सायो म्हणाली. "तू आलीस तर यावंसं वाटेल."

ती उडाली. या वेळी मालनला नेमकं माहीत होतं की त्या सगळ्यांतली कोणती. दाजिबालाही कळलं. जरा मागे राहणारी, जरा तिरकी उडणारी. दोघं मान वर करून पाहत राहिली. मालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दाजिबाने ते आपल्या गोंड्याने पुसलं. जरीचे धागे टोचले, पण तिने पुसू दिलं.

फुमिबाईंनी त्यालाही पेज दिली. त्याचं नाव विचारलं नाही, की तो कोणत्या धातूचा हेही विचारलं नाही. तो वाटीभर प्यायला. मग आणखी वाटीभर. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"काय झालं?" मालनने विचारलं.

"मी रत्नपुच्छ झालो."

"अरे वा! मग काय मिळतं आता?"

दाजिबाने बराच वेळ वाचलं. "यापुढे कोल्हीण आणखी वाकणार," तो म्हणाला. "आणि आजची खोली दुपारी चारपर्यंत सोडली तरी चालते."

"मग निघायचं का आता?"

दाजिबाने नदीकडे पाहिलं. "चारपर्यंत वेळ आहे ना," तो म्हणाला. "बसू की इथेच."

जंगलात परत आल्यावर मोठा सत्कार झाला. एवढ्या लांब जाऊन कोणी रत्नपुच्छ झालं नव्हतं. सिंहाने स्वतः हार घातला. दाजिबा बोलायला उभा राहिला आणि नदीबद्दल सांगू लागला, सायोबद्दल सांगू लागला. लोक जांभया देऊ लागले.

"ते राहू दे रे," बापू उदमांजर मागून ओरडला. "नाश्त्याला काय होतं ते सांग!"

दाजिबाने सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच आठवड्यात अर्धं जंगल राजबिळाचं सभासद झालं.

पुढच्या थंडीत किनाऱ्यावरून निरोप आला. "उशिरा पोहोचले, पण पोहोचले, बरं का."

मालन आणि दाजिबा पुन्हा निघाली. या वेळी थेट फुमिबाईंकडे उतरली. पहिल्या दिवसापासून मालन आणि सायो खिडकीत बसल्या. दाजिबाने चार दिवस धीर धरला, पण जुनी सवय कुठे जाते? शेवटी तो खाली गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "फुमिबाई, आम्ही मागच्या वर्षीही आलो होतो."

"माहीत आहे," फुमिबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे, परत येणाऱ्यांना तुमच्याकडे काही मिळतं का?"

फुमिबाईंनी विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"मिळतं की!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातात ओलं फडकं दिलं. "भांडी घासायची. नव्या पाहुण्यांना मी मोरीत पाऊलसुद्धा टाकू देत नाही."

दाजिबा मोरीपाशी बसला. त्याने पेजेच्या वाट्या घासल्या, पातेली घासली. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. त्याने वाट्या उन्हात पालथ्या घातल्या आणि उद्या आणखी कोणत्या घासायला मिळतील ते फुमिबाईंना विचारून ठेवलं.

तात्पर्य: मुलांनो, परगावी उतरायचं तर मोठ्या साखळीतच उतरावं. तिथे कितीही वेळा गेलात तरी तुम्ही पाहुणेच राहता. लहान ठिकाणी दुसऱ्यांदा गेलात तर लोक तुम्हाला घरचं समजतात, आणि मग भांडी घासावी लागतात.